तारेचा शेवटचा कोस

इतिहास म्हटला की राजवटी, तह आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु एखाद्या मुलखाने कशाची आणि किती काळ वाट पाहिली, याचाही एक इतिहास असतो व तो सहसा लिहिला जात नाही. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या निमित्ताने अशाच एका प्रतीक्षेची नोंद करण्याचे आम्ही योजिले आहे. ही प्रतीक्षा आहे गावच्या दूरध्वनी केंद्रापर्यंत ब्रॉडबँड, म्हणजे वेगवान इंटरनेट, येऊन पोहोचण्याची.

हिंगोलीचे नाव इतिहासाला अपरिचित नाही. निजामाच्या राज्यात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. संत नामदेवांचे नरसी आणि औंढ्याचे नागनाथ मंदिर याच परिसरातले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तो १ मे १९९९ रोजी.

टेलिफोन आपल्या देशात व्यापाराचे बोट धरून आला. मुंबईचे दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. खेड्यांकडे त्याची पावले खऱ्या अर्थाने वळायला मात्र पुढे शंभर वर्षे जावी लागली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या हवामानाला मानवेल असे छोटे केंद्र तयार केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. ऊन आणि धूळ सोसून ते १२८ तारा सांभाळी. असे पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले व नंतर हजारो गावांत त्याची भावंडे गेली. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या नाक्यानाक्यावर दिसू लागल्या. ज्या घरी फोन असे, त्या घराचा ओटा साऱ्या आळीच्या निरोपांचा चौक होई. ट्रंक कॉल लावून तासन् तास बसलेल्या पिढीला तो केवढा पालट वाटला असेल, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते महानगरांतून. साध्या टेलिफोनवरून नंबर फिरवून ते जोडावे लागे; तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे आणि गती कासवाची. ज्या गावी जोडणीचे केंद्र नव्हते, तेथून परगावी कॉल लावण्याचा भुर्दंड वेगळाच. मुंबई-वसईकडच्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी आखातातल्या वा परदेशातल्या मुलांची पहिली ई-पत्रे याच काळात वाचली. हिंगोली तेव्हा जिल्हादेखील झाला नव्हता.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या ठरली आणि २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेवले गेले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची सेवा सुरू झाली. येथून गावच्या केंद्राची कहाणी महत्त्वाची ठरते.

माणसाचा आवाज तांब्याच्या तारेची फार थोडी क्षमता वापरतो. उरलेल्या, वरच्या कंपनसंख्यांवरून माहिती पाठवता येते; म्हणून एकाच तारेवर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही चालतात. परंतु त्यासाठी केंद्रात निराळे यंत्र बसवावे लागते, ते केंद्र काचतंतूच्या केबलने मोठ्या जाळ्याला जोडलेले असावे लागते आणि विजेचा पुरवठा भरवशाचा लागतो. शिवाय तांब्यात हे संकेत अंतरागणिक क्षीण होतात. केंद्रापासून चार-पाच किलोमीटरपलीकडच्या घरी ते पोहोचणे कठीण. म्हणजे घरात तार होती, पण केंद्रात यंत्र बसेपर्यंत ती इंटरनेटच्या दृष्टीने मुकीच. ही तार इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ साली केली होती. धोरणाने ती बंधनकारक केली नाही. खेड्यातल्या ग्राहकाला मग एकाच दारापाशी उभे राहणे भाग होते. आणि ग्राहक थोडे म्हणून यंत्र नाही, यंत्र नाही म्हणून ग्राहक नाहीत, असे हे रहाट फिरत राहिले.

ते थांबवण्यासाठी जानेवारी २००९ मध्ये सार्वत्रिक सेवा निधीतून एक करार झाला. ग्रामीण केंद्रांवरून पाच वर्षांत ८,८८,८३२ जोडण्या द्यायच्या होत्या. हेतू स्तुत्य होता. काळ मात्र थांबला नव्हता. देशातील तारेच्या टेलिफोनांची संख्या २००६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात जाऊन ओसरू लागली होती. मोबाइल हाती आला तशी लोकांनी घरची तार सोडली. पाहुणा दाराशी येईपर्यंत यजमानाने घर बदलावे, तसे हे झाले.

२०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. मुदती वाढत गेल्या आणि २०२३ साली सुधारित योजनेसाठी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले. या काळात ब्रॉडबँडची व्याख्याही सरकली : २०१३ मध्ये ५१२ किलोबिट, २०२३ मध्ये २ मेगाबिट. मागे राहिलेल्याने एक पायरी चढावी, तोवर जिनाच उंच झालेला असावा!

मोबाइलच्या वाटेने इंटरनेट आज खेडोपाडी गेले आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु मधल्या वर्षांची किंमत कोणी मोजली? २०१७ साली शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्ज संगणकावरून भरायचे होते आणि सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय शहरांतील ४२ टक्के, तर ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे आढळली. दोनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि शाळा पडद्यावर गेली. एका घरात एक मोबाइल, शिकणारी भावंडे दोन-तीन आणि तो मोबाइल घेऊन बाप शेतावर. त्या घरातील कोणत्या मुलाचे वर्ष वाया गेले, हे कोणत्याही योजनेच्या अहवालात सापडणार नाही. अहवाल केंद्रे मोजतात, केबलचे किलोमीटर मोजतात. घरे आणि मुले मोजत नाहीत.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करण्याचे ठरले आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. अशा वेधशाळांनी २०१५ साली अमेरिकेत सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा तरंग टिपला होता. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. गावच्या केंद्रापासून तांब्याची तार जेथवर धड पोहोचत असे, तेवढेच हे अंतर!

विश्वाच्या टोकाचा निरोप ऐकणारे कान आपल्या मातीत उभे राहावेत, याचा आम्हांला अभिमानच वाटतो. मात्र त्या भुजेएवढ्याच अंतरावरच्या घरातले मूल आपल्या शाळेशी जोडलेले आहे की नाही, हे विचारण्याचे आम्ही विसरू नये. पुढची नवी सोय येईल तेव्हाही ती शहरात आधी येईल. त्या दिवशी रांगेच्या शेवटी कोण उभे आहे, हे वळून पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली, तर हिंगोलीची ही प्रतीक्षा अगदीच व्यर्थ गेली असे होणार नाही.