कासवाची वाट

वाळूंत अंडीं घालून मादी कासव समुद्रांत शिरलें, कीं तें मनुष्याच्या दृष्टीआड होई. पुढें तें कोठें जातें, हें कोडें शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सुटलें नव्हतें. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनीं १९५५ सालीं कोस्टारिकांतील टोर्टुगेरो येथें कासवांना क्रमांकाचे धातूचे बिल्ले लावण्यास आरंभ केला. बिल्ला परत पाठविणाऱ्यास बक्षीस मिळे. परंतु बिल्ला परत येई तो बहुधा कासव कोळ्याच्या हातीं मारलें गेल्यावर. प्रवासाचीं दोन टोकें तेवढीं कळत. मधली वाट अज्ञातच राही.

ती वाट दाखविणारें साधन पुढें आकाशांतून आलें. १९७८ सालीं फ्रान्स व अमेरिका यांच्या सहकार्यानें आर्गोस ही उपग्रहयोजना सुरू झाली. कासवाच्या पाठीवर चिकटविलेलें छोटें प्रक्षेपक यंत्र ठराविक कंपनसंख्येच्या लहरी सोडतें. खाऱ्या पाण्यांतून रेडिओलहरी पार होत नाहींत. म्हणून कासव श्वासासाठीं वर येईल तेवढ्या क्षणांतच संदेश जावा लागतो. आगगाडी जवळ येतांना शिटीचा स्वर उंच वाटतो, दूर जातांना खालावतो. त्याच न्यायानें उपग्रहाला मिळणाऱ्या लहरींतील फरकावरून कासवाचें ठिकाण काढतां येतें.

मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियाजवळ लॉगरहेड जातीचीं कासवें पुष्कळ दिसत. पण त्यांचीं घरटीं तेथें नव्हतीं. त्यांचें माहेर जपान असावें, असा आनुवंशिक चाचण्यांचा कौल १९९५ सालीं मिळाला. ऑगस्ट १९९६ मध्यें वॉलेस निकोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आदेलिता नांवाची मादी यंत्र लावून तेथून सोडली. ती पश्चिमेकडे निघाली आणि ३६८ दिवसांत सुमारें ११,५०० किलोमीटर अंतर तोडून जपानजवळ पोंचली. तिच्या शेवटच्या संदेशांवरून मात्र ती एखाद्या मासेमारी जहाजाच्या हातीं लागली असावी, असें अनुमान निघालें. बिल्ल्यांनीं वर्षानुवर्षें सांगितलेला शेवट तिच्याही वाट्यास आला. परंतु या वेळीं त्यापूर्वीची सारी वाट नकाशावर उमटलेली होती.

जन्म एका राष्ट्राच्या किनाऱ्यावर, चारा दुसऱ्याच्या समुद्रांत, आणि मधलें पाणी कोणाच्याच मालकीचें नव्हे, अशा प्राण्यास एका किनाऱ्यावरचा पहारा पुरा पडत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें गांवकरी कित्येक वर्षें घरटीं राखून पिलें समुद्रांत सोडीत आले आहेत. २०२२ सालीं त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पांच ऑलिव्ह रिडले माद्यांना यंत्रें लावण्यांत आलीं. किनाऱ्यावर राखलेल्या जीवाला पुढें कोणत्या पाण्यांतून जावें लागतें, हें जाणल्यावांचून ती राखण अपुरीच राहते.