श्वासाचा सूर : जेम्स कॉटन

दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन मुलांचे खेळणे म्हणून आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी मात्र याच वाद्यातून ‘ब्लूज’ हे आपल्या सुखदुःखाचे गाणे बोलते केले. त्या परंपरेतील जेम्स कॉटन यांचे चरित्र आम्हांला विचार करण्याजोगे वाटते, ते एका प्रश्नासाठी : गुरूचा सूर आत्मसात केल्यावर स्वतःचा सूर कसा सापडतो?

कॉटन यांचा जन्म १९३५ साली मिसिसिपी राज्यातील ट्यूनिका येथे, कापसाच्या मळ्यावर झाला. हेलेना येथील नभोवाणीवर सनी बॉय विल्यम्सन (दुसरे) यांचे वादन ऐकून हा मुलगा वेडावला आणि नवव्या वर्षी त्यांच्याच घरी जाऊन राहिला. शिक्षण सारे ऐकून आणि पाहून.

या वादनाची एक खुबी आहे. वाद्य ज्या पट्टीचे असेल तिचा पंचम हाच षड्ज धरायचा. मग महत्त्वाचे सूर श्वास सोडून नव्हे, तर आत ओढून वाजतात. आणि ओढलेला सूर जिभेच्या व घशाच्या हालचालीने मींडेसारखा खाली उतरविता येतो. म्हणूनच हे वाद्य गळ्यासारखे हुंदके देते.

१९५४ साली शिकागोचे विख्यात गायक मडी वॉटर्स यांनी कॉटन यांना आपल्या ताफ्यात घेतले. पण तेथे पूर्वीचे वादक लिटल वॉल्टर यांची छाया होती. त्यांच्याच जागा हुबेहूब वाजवाव्यात, असा मडींचा आग्रह असे. आपण वॉल्टर होऊ शकत नाही, असे कॉटन यांनी अखेर मडींना स्पष्ट सांगितले. १९६० च्या न्यूपोर्ट महोत्सवात श्रोत्यांनी ऐकला तो कॉटन यांचा स्वतःचा दमदार सूर. १९६६ साली त्यांनी स्वतंत्र ताफा उभारला.

पुढे १९९० नंतरच्या दशकात घशाच्या कर्करोगाने त्यांचा गाता गळा हिरावला. तरीही ‘डीप इन द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि वादन थांबले नाही. २०१३ च्या ध्वनिमुद्रिकेत इतर गीते दुसऱ्यांनी गायिली. जन्मभूमीच्या मळ्यावरचे एक गीत मात्र त्यांनी त्या घोगऱ्या आवाजात स्वतःच गायिले. १६ मार्च २०१७ रोजी ते निवर्तले. गुरूकडून त्यांनी श्वास घ्यावयाची रीत घेतली. श्वास मात्र त्यांचा स्वतःचा होता, असे आम्ही समजतो.