दीड एकर विकून स्टार्टअप?

पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्याकडच्या पोरांच्या आई-बापांनी वाचाच.

मागच्या आठवड्यात भाचा साक्रीला आला होता. इंजिनिअर आहे. कांद्याच्या भावाचं अ‍ॅप काढायचंय म्हणे. त्यासाठी बापाला दीड एकर विकायला लावतोय आणि पुण्यात ऑफिस घेणार आहे. मी विचारलं, इथं का नाही? तर म्हणतो, "मामा, आठे काय व्हनार शे?"

हे वाक्य आपण सगळेच बोलतो, म्हणून त्याला भवरलाल जैनांची गोष्ट सांगितली. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांची सुरुवातीची वर्षं कोणी बघत नाही.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा शेतकऱ्याचा पोरगा. सरकारी अधिकारी होता आलं असतं, ते सोडून १९६३ साली घरच्या ७,००० रुपयांवर जळगावात धंद्याला लागले. आणि काय विकलं? रॉकेल! पुढे खतं, बियाणं, ट्रॅक्टर अशा एजन्स्या घेतल्या. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक मात्र आपलं. स्वतःचा कारखाना थेट १९७८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. तोही केळीच्या पावडरीचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन. केळीचं नाही जमलं, तर त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतलं आणि परदेशात विकलं. आजची पोरं याला 'पिव्हट' म्हणतात. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले.

ठिबक त्यानंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तंत्र त्यांनी शोधलेलं नव्हतं. इस्रायलमध्ये नेटाफिम साठच्या दशकापासून ठिबक बनवत होती. पण तिकडची नळी आणून इकडच्या वावरात अंथरली की काम झालं, असं नसतं. आपल्या विहिरीचं पाणी क्षारांचं, छिद्रं बुजतात. वीज मन मानेल तेव्हा येते. एकाचं वावर चढाचं, दुसऱ्याचं उताराचं. म्हणजे मोजणी, फिल्टर, बसवून देणं, नंतर पुन्हा जाऊन बघणं, हे सगळं आलं. ज्याने वीस-पंचवीस वर्षं शेतकऱ्याला माल विकला, त्याच्या उधाऱ्या आणि शिव्या दोन्ही झेलल्या, त्यालाच ते सुचणार. पुढे टिश्यू कल्चरच्या रोपांनी जळगावच्या केळीचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

आता दुसरी बाजू, जी सत्काराच्या भाषणात कोणी सांगत नाही. नव्वदच्या दशकात पैसा हाती आला आणि कंपनी फायनान्स, आयटी, ग्रॅनाइट अशा न कळणाऱ्या धंद्यांत शिरली. जोरात आपटली. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि शेतीकडे परत फिरले. (आपल्याकडे माफी मागणारा उद्योजक तुम्ही दुसरा पाहिलाय का? मी नाही.) पुढे ठिबकच्या सरकारी अनुदानाचे पैसे अडकायला लागले. माल शेतात गेलेला, पैसा सरकारदरबारी. ते २०१६ मध्ये गेले. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या हप्त्यांना चुकली, आणि पुढे परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या इस्रायली कंपनीत विलीन करावा लागला. ऑर्डर भरपूर असतानाही रोकड संपू शकते, हे भाच्याला मी दोनदा सांगितलं.

आणि आपल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या? त्यातल्या बऱ्याच सुझलॉनच्या. ती १९९५ ला तुलसी तांतींनी काढली. मूळ धंदा कापडाचा, गुजरातेतला. विजेचं बिल परवडेना म्हणून आधी स्वतःच्या गिरणीसाठी पवनचक्की घेतली, कंपनी त्यातून निघाली. वारा आपला, डोंगर आपले, बिलं आपणही भरत होतो.

भाच्याला एवढंच म्हटलं: एक हंगाम पिंपळनेरच्या कांदा मार्केटात वही घेऊन बस. शेतकऱ्याला भाव कळत नाही, की कळतो पण गाडीभाडं देऊन परत नेता येत नाही म्हणून मिळेल त्या भावात द्यावा लागतो, ते बघ. दुसरं खरं असेल तर तुझं अ‍ॅप काय करणार?

काल बहिणीचा फोन आला. जमिनीचा सौदा थांबवलाय. भाचा माझ्याशी बोलत नाहीये.