वसाहतकालीन अमेरिकी साहित्य

उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींमध्ये १६०७ ते १७७६ या काळात झालेल्या लेखनास वसाहतकालीन अमेरिकी साहित्य म्हणतात. कथा-कादंबरीपेक्षा प्रवासवृत्ते, रोजनिशा, इतिहास, प्रवचने व धार्मिक कविता यांतून ते घडले.

१६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत स्थापन झाली. तेथील जॉन स्मिथचा वृत्तान्त १६०८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. नवी भूमी आणि तेथील मूळ रहिवाशांशी आलेला संबंध हा अशा लेखनाचा प्रमुख विषय होय.

उत्तरेकडील न्यू इंग्लंडमध्ये प्युरिटन विचारांचा प्रभाव होता. आपला समाज ईश्वराशी करारबद्ध आहे आणि दुष्काळ, रोगराई, विजय या साऱ्यांत ईश्वरी संकेत आहे, ही श्रद्धा तेथील लेखनाच्या मुळाशी आढळते. प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास याच दृष्टीने, साध्या शैलीत लिहिला.

स्त्रियांचे लेखनही लक्षणीय आहे. ॲन ब्रॅडस्ट्रीटचा काव्यसंग्रह १६५० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मेरी रोलंडसन १६७६ मध्ये मूळ रहिवाशांच्या कैदेत सुमारे अकरा आठवडे होती. १६८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या कथनात कैद करणाऱ्यांविषयी तीव्र द्वेष आहे. तरीही त्यांनी केलेल्या मदतीच्या नोंदी त्यात आहेत.

या साहित्याचा अभ्यास करताना लेखनकाळ व प्रकाशनकाळ यांतील अंतर ध्यानात घ्यावे लागते. ब्रॅडफर्डचे हस्तलिखित अमेरिकी क्रांतीच्या काळात नाहीसे झाले, पुढे ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले आणि १८५६ मध्ये प्रथमच समग्र छापले गेले. एडवर्ड टेलरच्या कविता १९३० च्या दशकात उजेडात आल्या. मोहिगन जमातीचा धर्मोपदेशक सॅमसन ऑकम याचे प्रवचन १७७२ मध्ये छापले गेले. मात्र १७६८ मध्ये लिहिलेले त्याचे आत्मकथन प्रकाशित होण्यास १९८२ साल उजाडले.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून बॉस्टनला आणलेल्या फिलिस व्हीटली हिचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडनमध्ये निघाला. या कविता तिच्याच आहेत, असे बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांच्या सह्यांचे निवेदन त्यात छापावे लागले. 

अमेरिकी साहित्याचा आरंभ म्हणून आज वाचले जाणारे कित्येक ग्रंथ त्या काळच्या वाचकांना ठाऊकच नव्हते. कोणाचे लेखन छापले गेले, कोणाचे हस्तलिखितातच राहिले आणि कोणाला पुरावा द्यावा लागला, हे पाहिल्याखेरीज या साहित्यातील श्रद्धा, स्वातंत्र्य व नवी भूमी या विषयांचे आकलन पुरे होत नाही.