सतत शर्करामापन व त्याची विश्वसनीयता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मधुमेहाच्या चिकित्सेचा इतिहास हा बऱ्याच अंशी शर्करामापनाच्या साधनांचा इतिहास आहे. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने रुग्णाचे मूत्र आटवून त्यातील शर्करा दाखविली. तथापि मूत्रपरीक्षेतून कळे ती काही तासांपूर्वीची स्थिती. १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी विकरयुक्त विद्युदग्राची कल्पना मांडली आणि शर्करेचे प्रमाण अखंड वाचता येण्याची शक्यता निर्माण झाली.

अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या सतत-मापकाचे आकडे रुग्णास दिसतच नसत; तीन दिवसांपर्यंतची नोंद वैद्य मागाहून वाचीत. पुढे आकडा रुग्णाच्या डोळ्यांपुढे आला, तरी इन्सुलिनची मात्रा ठरविण्यापूर्वी बोटातील रक्त तपासून त्याचा पडताळा घेणे आवश्यक मानले जाई. ही अट तेथे २०१६ च्या डिसेंबरात एका उपकरणापुरती प्रथम शिथिल झाली.

हा सावधपणा निराधार नव्हता. संवेदक त्वचेखालील पेशींमधल्या द्रवातील शर्करा मोजतो. म्हणून रक्तातील शर्करा झपाट्याने चढत वा उतरत असता त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. झोपेत संवेदकावर अंगाचा भार पडल्यास तो शर्करा घटल्याचा खोटा इशारा देऊन मध्यरात्री घर जागे करतो. असे इशारे वारंवार आले की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

सारांश, मापन अखंड झाले, पण पडताळ्याची गरज संपली नाही. त्याचा भार मात्र वैद्याकडून रुग्णाच्या विवेकावर आला. लक्षणे व आकडा यांत विसंगती दिसताच बोटातील रक्त तपासावे, हा नियम आजही कायम आहे.