ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टर व्हायचंय? मध्ये 'पेस्की' मुलाखत असते

घरातला मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली आणि पीजीची सीट हुकली, की परदेशाचा विषय निघतो. एजंट सांगतो, ऑस्ट्रेलियात डॉक्टरांची टंचाई आहे, गेल्या गेल्या काम मिळेल. लहान गावांपुरती टंचाईची गोष्ट खरी आहे. गेल्या गेल्या काम मिळतं हे खरं नाही.

भारतात शिकलेल्या डॉक्टरला तिथे स्टँडर्ड पाथवेने मर्यादित नोंदणी घेऊन जनरल प्रॅक्टिसमध्ये काम करायचं असेल, तर साधारणपणे प्री-एम्प्लॉयमेंट स्ट्रक्चर्ड क्लिनिकल इंटरव्ह्यू, म्हणजेच पेस्की द्यावी लागते. त्याआधी ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची १५० प्रश्नांची, साडेतीन तासांची एमसीक्यू परीक्षा पास व्हावी लागते. इंग्रजीची परीक्षा वेगळी.

२००५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग रुग्णालयाचं प्रकरण गाजलं. परदेशातून आलेल्या एका सर्जनची जुनी नोंद नीट न तपासताच त्याला नेमलं होतं. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची तपासणी कडक झाली.

पेस्की एका ठराविक जागेसाठी असते, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. आधी दवाखान्याची ऑफर, मग मुलाखत. समोर त्या प्रकारचं काम जाणणारे डॉक्टर बसतात आणि प्रसंग मांडतात. छातीत दुखणारा शेतकरी आलाय, मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे, तुम्ही आधी काय कराल? पंधरा वर्षांची मुलगी गर्भनिरोधक गोळ्या मागते, अम्मीला सांगू नका म्हणते, मग? आपली मुलं इथेच अडखळतात, असं आम्हाला वाटतं. औषधाचा डोस त्यांना पाठ असतो, पण पेशंटला आधी काय विचारायचं, त्याची गोष्ट गुप्त कशी ठेवायची, याचा सराव आपल्या ओपीडीच्या गर्दीत होत नाही. (शाळेत आम्हीही पाठांतरालाच मार्क देतो, तो भाग वेगळा.)

दीनदार घरातली मुलं विचारतात, गर्भपातासारख्या बाबतीत काय करायचं? तिथल्या आचारसंहितेनुसार डॉक्टर स्वतः त्यात भाग घ्यायला नकार देऊ शकतो, पण कायदेशीर उपचार मिळण्यात आडकाठी आणू शकत नाही. उत्तर तेवढंच आणि शांतपणे द्यावं.

पॅनेल आपला अहवाल देतं, नोंदणी द्यायची की नाही ते मेडिकल बोर्ड ठरवतं. देखरेखीचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तरावर प्रत्येक पेशंटबद्दल सुपरवायझरशी बोलावं लागतं, चौथ्यावर डॉक्टर बराचसा स्वतंत्र असतो. लहान गावातल्या दवाखान्यात पूर्णवेळ सुपरवायझर नसेल आणि पॅनेलने पहिला स्तर सुचवला, तर ऑफर असूनही जागा हातची जाऊ शकते. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. मुलाने इथली नोकरी आधीच सोडली होती, वडिलांनी प्लॉट विकून एजंटचे पैसे भरले होते.

नोंदणी झाली तरी साधारण १० वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागातच काम करावं लागतं, नाहीतर पेशंटला मेडिकेअरचे पैसे मिळत नाहीत. सिडनीच्या मशिदीशेजारी घर घेऊ, हा विचार तोवर बाजूला ठेवावा. आणि इथला राजीनामा बोर्डाचं पत्र हातात आल्यावरच द्यावा.