गंजाच्या पातळ थरातून हायड्रोजन : घोडं अडतं कुठे?

उन्हाच्या जोरावर पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढता येतो, ही कल्पना जुनी आहे. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांचा यावरचा लेख १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी वापरला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. पण तो फक्त अतिनील किरण शोषतो आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के.

म्हणून नजर गेली हेमाटाइटकडे. हा लोखंडाच्या गंजाचाच भाऊबंद. स्वस्त, अल्कलीयुक्त पाण्यात टिकणारा, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही शोषणारा. कागदावर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२.६ मिलिअँपिअर प्रवाह देऊ शकतो. मग अडलं कुठे? थराच्या जाडीत.

प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे धनभाराची रिकामी जागा राहते. तिला ‘होल’ म्हणतात. हा होल पाण्यापर्यंत पोचला तरच ऑक्सिजन सुटतो. हेमाटाइटमध्ये तो काही नॅनोमीटर जातो न जातो तोच इलेक्ट्रॉन त्याला पुन्हा गाठतो, हिशेब शून्य. उलट ऊन नीट शोषायला थर काहीशे नॅनोमीटर हवा. जाड केला तर होल आतच संपतो, पातळ केला तर ऊन आरपार जातं.

यावरची सगळ्यात हुशार तोड मला लोझानच्या ग्रेट्झेल यांच्या गटाची वाटते. २००६ मध्ये त्यांनी थर सपाट न ठेवता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुलवला. थर जाडच, पण प्रत्येक तुऱ्याला पाणी लागून. वीज नीट वाहावी म्हणून त्यात किंचित सिलिकॉन मिसळलं. प्रवाह २.२ मिलिअँपिअर मिळाला, वर कोबाल्टचा लेप दिल्यावर २.७. कोबाल्टमुळे पृष्ठभागावरची ऑक्सिजन सुटण्याची क्रिया सोपी होते. पुढे टिन, टायटॅनियम मिसळूनही थर सुधारले गेले.

तरी एक खर्च उरतोच. एकट्या हेमाटाइटने हायड्रोजन सुटत नाही, बाहेरून थोडा व्होल्टेज द्यावा लागतो. त्यासाठी मागे सोलर सेल जोडतात.

आणि स्पर्धा कोणाशी, तेही बघा. २० टक्के क्षमतेचं साधं सोलर पॅनेल आणि ६५ टक्क्यांचा इलेक्ट्रोलायझर जोडला की उन्हातली १३ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये येते. जपानमध्ये १०० चौरस मीटरचं प्रकाश-उत्प्रेरक पॅनेल उघड्यावर चालवून पाहिलं. त्यातला पदार्थ वेगळा, स्ट्रॉन्शियम टायटनेट. २०२१ मध्ये जाहीर झालेली त्याची कमाल क्षमता होती ०.७६ टक्के.